पट

मोहवाडीच्या शाळेचं जनरल रजिस्टर
माझ्या मांडीवर, बस यावलच्या रस्त्याला.
सीटखाली घंटा आहे, खताच्या गोणीत गुंडाळलेली.
गोणीतूनही खड्ड्यागणिक अर्धवट वाजते.
कंडक्टर म्हणतो, बाई, हिचं हाफ तिकीट काढू?

दाखल क्रमांक एक. तोताराम सुपडू फिरके.
जन्म एक जून.
दोन नंबरचा एक जून. तीन नंबरचाही.
आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसं
एकाच दिवशी जन्माला आली,
सुईण बिचारी किती दमली असेल.

अडतिसाव्या ओळीवर पहिली मुलगी, यमुना.
बापाचा धंदा: बैलांना नाल मारणे.
शाळा सोडण्याचं कारण: लग्न.
गुरुजींचं अक्षर सगळीकडे मोत्यासारखं,
इथं मात्र टाक थांबून राहिलेला दिसतो,
शाईचा डाग पलीकडच्या पानापर्यंत गेलाय.

मग कितीतरी पानं फिरके, झोपे, सरोदे.
मधेच रुबाब तडवी, त्याच्यामागं त्याचे पाच भाऊ,
एकाच पायजम्यात वाढलेले असावेत तसे ओळीनं.
मग केळीच्या बागांत राखणीला आलेले पावरे.
जातीच्या रकान्यातली अक्षरं बदलत गेली
आणि धंद्याच्या रकान्यातलं 'शेती' जाऊन
'मजुरी' आलं. पुढं तर नुसतं
वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं.

फैजपूरची पिवळी बस गावात पहिल्यांदा वळली
त्या जूनमध्ये पट एकशे बारावरून चौसष्टावर आला.
मी रुजू झाले तेव्हा एकतीस.
नंतरचे आकडे मला पाठ आहेत,
रजिस्टर उघडायची गरज नाही.

आणि आता हे सांगूनच टाकते.
वीसच्या खाली गेलो तर कुलूप, असं कळलं
त्या रात्री अंगणवाडीच्या डोसाच्या वहीतून
मी अकरा नावं उचलली.
मुलं खरी होती. फक्त गावात नव्हती,
आईबापांबरोबर बारडोलीकडं उसाच्या फडात होती.
मी रोज त्यांची हजेरी मांडली.
त्यांच्या वाटचे तांदूळ शिजले ते
पाठुंगळीवरच्या धाकट्यांनी खाल्ले, दारात बसून.
तेवढ्यापुरती मला झोप लागायची.

साहेब आले. मोबाईलवर डोकी मोजली.
नऊ.
मग पुन्हा मोजली, माझ्याकडं न बघता.
पत्रात शब्द आला, समायोजन.
नाल्यापलीकडची शाळा, साडेतीन किलोमीटर,
नऊपैकी चौघं जातील. बाकीच्यांचं
त्या पत्रात काही नव्हतं.

आज सकाळी कुलूप लावत होते,
तर पायरीशी एक पोर उभी.
पायांना उसाच्या पात्यांचे जुने ओरखडे,
कडेवर भाऊ, त्याच्या नाकाला शेंबूड.
म्हणाली, मी सुनकी. रेलसिंगची.
बाई, माह्यं नाव हाये नं वहीत?

मी कुलूप काढलं. हजेरीपट उघडून दाखवला.
तिनं बोट ठेवलं ओळीवर आणि सरकवत नेलं,
जून, जुलै, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर,
एकही दिवस चुकला नव्हता.
आख्ख्या वर्गात तिच्याइतकं हजर कुणीच नव्हतं.

बराच वेळ बघत राहिली.
भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं.
मंग बाई, मी दुसरीत गेली का?

दाखल क्रमांक अकराशे त्रेचाळीस.
कारणाचा रकाना अजून कोरा आहे.
पेन काढलं की खड्डा येतो.
किनगाव आलं. उतरणाऱ्यांच्या गर्दीत
कंडक्टरचा पाय गोणीला लागला, घंटा वाजली.
त्यानं वाकून हात लावला तिला,
मग कपाळाला.